नियंत्रण-भाषेतील मजकूर : आयईसी ६११३१-३ मधील स्ट्रिंग-व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

यंत्रनियंत्रणाच्या भाषांविषयी मराठीत जे थोडेफार लेखन होते, ते बहुतांशी परिचयाच्या स्वरूपाचे असते. पीएलसी म्हणजे काय, लॅडर आकृती कशी वाचावी, मोटार चालू व बंद करण्याची आज्ञावली कशी लिहावी, एवढ्यावर ते थांबते. या भाषा ज्या आंतरराष्ट्रीय मानकाने बांधलेल्या आहेत, त्या आयईसी ६११३१-३ या दस्तऐवजाकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. साहित्याचा अभ्यासक संहितेतील मौन, संदिग्धता आणि तडजोड शोधतो. अभियांत्रिकीचा अध्यापक मात्र मानकाला आप्तवाक्य मानून पुढे जातो. वस्तुतः मानक हीसुद्धा एक संहिताच आहे. ती समितीने लिहिलेली असते, तिच्यात अनेक उत्पादकांच्या आधीपासूनच्या सवयी सामावून घ्याव्या लागतात, आणि जेथे एकमत होत नाही तेथे ती निर्णय दुसऱ्यावर सोपवून मोकळी होते.

प्रस्तुत लेखात या मानकातील एका लहान भागाचा, म्हणजे मजकूर हाताळण्याच्या सोयीचा, विचार करावयाचा आहे. अभ्यासक्रमात जिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात त्या विदाप्रकाराला पाठ्यपुस्तकात जेमतेम एक तक्ता मिळतो. या भाषांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की त्यांतील स्ट्रिंग फार तोकडी आहे, तिची लांबी आधीच ठरवून द्यावी लागते. हा आक्षेप मला मान्य नाही. लांबी मर्यादित असणे हा नियंत्रण-भाषेचा दोष नसून गुण आहे. दोष निराळाच आहे : मर्यादा ओलांडली गेली असता काय घडावे आणि ते कोणाला कळावे, या प्रश्नावर मानकाने मौन पत्करण्याची मुभा दिली. मराठीसारख्या भाषेतील मजकूर या व्यवस्थेत शिरला की त्या मौनाची किंमत वाढते.

मर्यादेचे समर्थन

पीएलसीचा जन्म मजकुरासाठी झालेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले-पॅनेलांना पर्याय म्हणून एका प्रमाणभूत नियंत्रकाची मागणी नोंदविली आणि त्यातून डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक पुढे आला. रिले एक तर ओढलेला असतो किंवा सुटलेला. त्या जगात अक्षराला जागा नव्हती. संख्या, वेळमापक, गणक यथाक्रम आले आणि मजकूर सर्वांत शेवटी आला. बारकोड वाचणारे उपकरण, तारेवरून वजन पाठविणारा काटा, छपाईयंत्र आणि कामगारासमोरील पडदा यांच्याशी बोलणे भाग पडले, तेव्हा तो आला.

हा नियंत्रक चक्राकार काम करतो. आदाने वाचावयाची, आज्ञावली आरंभापासून शेवटपर्यंत चालवावयाची, प्रदाने लिहावयाची, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका चक्राला काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद लागतात, आणि ठरलेल्या वेळात चक्र पुरे झाले नाही तर पहारेकरी वेळमापक नियंत्रक थांबवितो. अशा व्यवस्थेत चालता चालता हवी तेवढी स्मृती मागून घेण्याची मोकळीक देता येत नाही, कारण स्मृती मिळेलच याची आणि ती किती वेळात मिळेल याची हमी नसते. कार्यालयीन संगणकावर मजकूर वाढला तर फार तर पडदा क्षणभर अडकतो. येथे तोच क्षण प्रेसच्या दट्ट्याखाली येऊ शकतो. म्हणून प्रत्येक स्ट्रिंगची जागा आज्ञावली चढविण्यापूर्वीच ठरलेली असते, आणि ते योग्यच आहे.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीपासून मानकाने हेच धोरण ठेवले. स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही त्यातील मजकूररूप भाषा पास्कलच्या वळणाची आहे. तिच्यात स्ट्रिंग घोषित करताना लांबी द्यावी. न दिल्यास उत्पादकाने ठरविलेली लांबी धरली जाते. या स्ट्रिंगवर चालणारी नऊ फंक्शने मानकाने दिली : लांबी सांगणारे लेन, डावीकडून, उजवीकडून व मधून तुकडा काढणारी लेफ्ट, राइट व मिड, दोन मजकूर जोडणारे कॉनकॅट, घुसविणारे इन्सर्ट, वगळणारे डिलीट, बदलणारे रिप्लेस आणि शोधणारे फाइंड. शोधलेला तुकडा न सापडल्यास फाइंड शून्य परत देते, कारण या फंक्शनांत स्थान एकपासून मोजले जाते. नऊ फंक्शनांचा हा संच आटोपशीर आणि नीट निवडलेला आहे, आणि काट्याचा किंवा बारकोडचा संदेश उलगडण्यास तो पुरतो. याबाबत मानकाला श्रेय दिलेच पाहिजे.

एक नाव, तीन रचना

अडचण सुरू होते ती स्ट्रिंग स्मृतीत कशी ठेवावी येथून. मानकाने फंक्शनांची नावे ठरविली, रचना ठरविली नाही. परिणामतः एकाच नावाखाली निदान तीन भिन्न वस्तू आज वापरात आहेत.

कोडेसिस या बहुप्रचलित प्रणालीत लांबी न देता घोषित केलेली स्ट्रिंग ८० अक्षरांची धरली जाते आणि शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट असतो. म्हणजे एकूण ८१ बाइट. भाषा पास्कलची, पण तिच्या पोटातील स्ट्रिंग सी भाषेची, असा हा संकर आहे. सीमेन्सच्या एस७ मालिकेत मात्र पास्कलचीच यूसीएसडी परंपरा आठवावी अशी रचना आहे : आरंभी दोन शीर्ष-बाइट, पहिल्यात कमाल लांबी व दुसऱ्यात प्रत्यक्ष लांबी, आणि त्यापुढे जास्तीत जास्त २५४ अक्षरे. रॉकवेलच्या लॉजिक्स नियंत्रकात स्ट्रिंग ही एक संरचना आहे. तिच्यात ३२ बिटांचा लांबी-घटक आणि ८२ बाइटांची सारणी असते.

८०, २५४, ८२ : हे आकडे विद्यार्थी पाठ करतात. त्यांपेक्षा महत्त्वाचे हे की या तीन रचना तीन निरनिराळ्या प्रकारे बिघडतात. शून्य बाइटाने संपणाऱ्या रचनेत मध्येच शून्य आले की मजकूर तेथेच संपला असे लेन सांगते. एखाद्या उपकरणाकडून आलेली द्विमान चौकट, उदाहरणार्थ मॉडबसची, विद्यार्थ्याने सोयीसाठी स्ट्रिंगमध्ये साठविली तर पहिल्या शून्यानंतरचा सर्व भाग असूनही नसल्यासारखा होतो. शीर्ष-बाइटांच्या रचनेला या शून्याचे भय नाही. तिला शीर्षाचेच भय आहे. जुन्या एस७-३०० व एस७-४०० मालिकेत तात्पुरत्या स्मृतीतील स्ट्रिंगचे शीर्ष आपोआप भरले जात नसे. तेथे आधीच्या कामाचा जो काही अवशेष असेल तोच ‘कमाल लांबी’ म्हणून वाचला जाई. आज्ञावली एके दिवशी चाले व दुसऱ्या दिवशी चालत नसे, आणि दोष शोधणारा तारा तपासत बसे.

स्थान मोजण्यातही हीच दुही आहे. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीने स्ट्रिंगमधील एकेक अक्षर निर्देशांकाने घेण्याची सोय दिली आणि मोजणी एकपासून ठेवली. सीमेन्सची पद्धत याला जुळते. कोडेसिसमध्ये मात्र निर्देशांक शून्यापासून चालतो, तर त्याच आज्ञावलीतील फाइंड उत्तर एकपासून देते. फाइंडने दिलेले स्थान तसेच कंसात घातले की आपण शोधलेल्या अक्षराच्या पुढचे अक्षर हाती येते. ही चूक वर्गात हमखास होते आणि तिच्यासाठी विद्यार्थ्याला दोष देणे न्यायाचे नाही.

आज्ञावली एका उत्पादकाकडून दुसऱ्याकडे नेता यावी हा मानकाचा एक प्रमुख हेतू सांगितला जातो. स्ट्रिंगपुरता तो अर्ध्यावर राहिला, एवढेच येथे नोंदवितो. त्याहून गंभीर प्रश्न पुढे आहे.

मौनाची मुभा

दोन मजकूर जोडले आणि उत्तर मावले नाही, तर काय व्हावे? तीन उत्तरे संभवतात. नियंत्रकाने थांबावे, किंवा जोडणी नाकारून तसे कळवावे, किंवा मावेल तेवढे ठेवून उरलेले टाकून द्यावे. यंत्र मजकुरापायी थांबविणे बहुधा अतिरेकी ठरेल. दुसरे उत्तर विवेकाचे आहे. व्यवहारात रूढ झाले ते तिसरे.

याचे मूळ मानकातच सापडते. २००३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्रुटींच्या परिस्थितींची जी यादी परिशिष्टात दिली आहे, तीत स्ट्रिंग-फंक्शनाचे उत्तर कमाल लांबीपेक्षा मोठे होणे आणि अक्षराचे स्थान अवैध असणे या दोन्हींचा समावेश आहे. म्हणजे ही त्रुटी आहे हे समितीला पूर्ण ठाऊक होते. परंतु प्रत्येक त्रुटीचे काय करावयाचे यासाठी उत्पादकाला चार पर्याय दिले : ती चालू असताना कळवावी, आज्ञावली तयार करतानाच कळवावी, ती संभवते असा इशारा त्या वेळी द्यावा, अथवा ती कळविली जात नाही, असे सोबतच्या दस्तऐवजात नमूद करावे. पहिले तीन पर्याय अभियांत्रिकीचे आहेत. चौथा वकिली आहे. त्रुटी घडेल, ती कोणाला दिसणार नाही, पण ती दिसणार नाही हे आम्ही माहितीपुस्तिकेत छापले आहे, म्हणून आम्ही मानकाशी सुसंगत आहोत, असे त्याचे रूप आहे. हा पर्याय ठेवल्याशिवाय कदाचित मानकावर सह्याच झाल्या नसत्या, हे मला समजते. पण तडजोडीचे कारण समजले म्हणून तिचा परिणाम सौम्य होत नाही.

हा परिणाम एका कल्पित परंतु साध्या उदाहरणाने पाहू. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक घाणीची नोंद एका ओळीत तयार करून संगणकाकडे पाठवावयाची आहे. ओळीत चार घटक : केंद्राचे नाव २० अक्षरे, घाणीचा क्रमांक १८, उत्पादनाचे नाव ३६ आणि शेवटी किलोग्रॅममधील वजन ६. विद्यार्थी बेरीज करतो, ८० येते, आणि लांबी न देता घोषित केलेली स्ट्रिंग नेमकी ८० ची असल्याने तो निश्चिंत होतो. चार घटकांमधील तीन स्वल्पविराम तो विसरला आहे. ओळ ८३ अक्षरांची होते आणि शेवटची तीन अक्षरे गळतात. वजन १२५०.५ असेल तर नोंद १२५ अशी उमटते.

येथे थोडे थांबले पाहिजे. उत्पादनाचे नाव अर्धवट तुटले असते तर ते कोणाच्याही डोळ्यांत भरले असते, कारण तुटलेला शब्द तुटलेला दिसतो. तुटलेली संख्या मात्र संख्याच राहते. १२५ ही तितकीच प्रतिष्ठित, तितकीच गोल संख्या आहे. त्यातून सर्व घटक पूर्ण लांबीचे असतील तेव्हाच हे घडते. चाचणीच्या दिवशी उत्पादनाचे नाव आखूड घेतले असेल तर नोंद बिनचूक येते आणि आज्ञावली उत्तीर्ण ठरते.

कोडेसिसमध्ये ही छाटणी नेमकी कोठे होते हेही पाहण्याजोगे आहे. कॉनकॅट आपले उत्तर २५५ अक्षरांपर्यंतच्या जागेत तयार करते. ८३ अक्षरे तेथे सुखाने मावतात. त्यामुळे फंक्शनाच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. छाटणी होते ती ते उत्तर ८० च्या चलात ठेवताना, म्हणजे बरोबरीच्या चिन्हापाशी. जी क्रिया आपण ‘क्रिया’ म्हणून मोजतच नाही, तिच्यात मजकूर गळतो. सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये कॉनकॅटचे उत्तर न मावल्यास मावेल तेवढे लिहून ईएनओ हे निर्गम-चिन्ह असत्य केले जाते. हे अधिक सभ्य वर्तन आहे. परंतु ते चिन्ह वाचण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्यावर राहते, आणि मजकूररूप भाषेत लिहिताना फारच थोडे लोक ते वाचतात. आकृतिरूप भाषेत ईएनओची तार निदान डोळ्यांसमोर लोंबकळत असते.

वर्ण, अक्षर आणि बाइट

आतापर्यंत ‘अक्षर’ हा शब्द मी सैलपणे वापरला. मराठीच्या अध्यापकांना तो खटकला असेल. आपल्या व्याकरणात वर्ण आणि अक्षर यांत भेद आहे, आणि छंदःशास्त्राचा सारा हिशेब अक्षरावर चालतो. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरे मोजताना कोणी मात्रा-चिन्हे वेगळी मोजीत नाही. ‘विद्यार्थी’ या शब्दात अक्षरे तीन. युनिकोडमध्ये लिहिताना मात्र व, इकार, द, हलन्त, य, आकार, र, हलन्त, थ, ईकार अशी दहा चिन्हे लागतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून बाइट तीस. तीन, दहा आणि तीस : या तिन्ही संख्या ‘लांबी किती?’ या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत, आणि लेन यांपैकी कोणते देईल हे स्ट्रिंग कोणत्या प्रकारची आहे यावर अवलंबून असते.

दुसऱ्या आवृत्तीत मानकाने साधी स्ट्रिंग एक बाइटी ठरविली आणि तिच्यासाठी आयएसओ/आयईसी १०६४६ मधील केवळ पहिली, म्हणजे शून्य क्रमांकाची, ओळ घेतली. त्या ओळीत पश्चिम युरोपीय लिपी बसतात. इतरांसाठी दोन बाइटी ‘डब्ल्यूस्ट्रिंग’ दिली. येथे एक ऐतिहासिक चुटपुट लागते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३१९४, म्हणजेच इस्की, १९९१ सालचे. नियंत्रण-भाषांच्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा ते दोन वर्षांनी आधीचे आहे. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एकाच बाइटात बसत होते. ‘विद्यार्थी’ला दहा बाइट पुरले असते. एक बाइटी स्ट्रिंगमध्ये मराठी मावविण्याची तांत्रिक वाट होती. नियंत्रकांच्या जगात तिचा विचार झाल्याचे त्या मानकात कोठेही दिसत नाही.

आता छाटणीकडे परत येऊ. चाकण किंवा वाळूज येथील कारखान्यातील पडद्यावर सूचना मराठीत असावी ही अपेक्षा अवाजवी नाही. समजा सूचना अशी आहे : ‘दाब कमी होईपर्यंत झडप १०१ उघडू नका’. चिन्हे मोजली तर मोकळ्या जागा धरून ३४ भरतात. दोन बाइटी स्ट्रिंगमध्ये ती निम्मी जागाही अडवीत नाही. हीच सूचना यूटीएफ-८ मध्ये ठेवली तर किती बाइट लागतात ते नेमके मोजून पाहावे : शब्द सात असल्याने मोकळ्या जागा सहा. अंकांसह चिन्हे २८, त्यांचे ८४ बाइट, अधिक सहा, एकूण ९०. ८० बाइटांच्या स्ट्रिंगमध्ये शेवटचे दहा बाइट गळतात. ते दहा बाइट म्हणजे एक मोकळी जागा आणि ‘नका’ हा शब्द. पडद्यावर उरते : ‘दाब कमी होईपर्यंत झडप १०१ उघडू’.

हिशेब मुद्दाम विस्ताराने दिला, कारण त्यात आकड्यांपलीकडचे काही आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आज्ञेतील निषेध त्याच्याही मागून येतो. इंग्रजीत निषेध आरंभीच असतो. शेपूट छाटले तर कोणती झडप ते कळणार नाही, पण ‘करू नये’ एवढे तरी उरेल. शेपूट छाटण्याची रीत भाषेच्या बाबतीत तटस्थ आहे असे वाटते, परंतु ती तटस्थ नाही. जी भाषा वाक्याचे मर्म शेवटी ठेवते, तिचे मर्मच आधी जाते. या उदाहरणात छाटणी नेमकी शब्दाच्या सीमेवर पडल्यामुळे पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटत नाही, आणि घाईत असलेल्या कामगाराला वाक्य तुटल्याची शंका येण्यास फारच थोडी जागा राहते.

छाटणी शब्दाच्या आत पडली तर निराळी तऱ्हा होते. ‘मोटार बंद’ या मजकुराचे यूटीएफ-८ मध्ये २५ बाइट होतात. तो २० बाइटांच्या चलात ठेवला तर ‘मोटार ब’ एवढे १९ बाइट आणि अनुस्वाराचा पोरका पहिला बाइट उरतो. असा अर्धा बाइट-गट पुढच्या संगणकाला अवैध वाटतो आणि काही वेळा तो संपूर्ण संदेशच फेटाळतो. दोन बाइटी प्रकारातही सुटका नाही. तेथे चिन्ह तुटत नाही, अक्षर तुटते. ‘पुणे’ या शब्दाचा डावीकडून एक घटक मागितला तर ‘प’ मिळतो, ‘पु’ नव्हे.

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. चांगल्या रचनेत सूचनेचा मजकूर नियंत्रकात ठेवतच नाहीत. नियंत्रकाने फक्त क्रमांक पाठवावा आणि त्या क्रमांकाचे मराठी, हिंदी वा इंग्रजी वाक्य पडद्याच्या यंत्रणेतील यादीतून यावे. हे तत्त्व मला पूर्णतः मान्य आहे, आणि वरील झडपेची सूचना प्रत्यक्षात अशीच दिली पाहिजे. परंतु सर्व मजकूर क्रमांकात बदलता येत नाही. कामगाराने भरलेले नाव, वरच्या संगणकाकडून आलेले उत्पादनाचे वा कृतीचे नाव, बारकोडमधील ओळख, हे सर्व बाहेरून मजकूर म्हणूनच येते आणि नियंत्रकातून मजकूर म्हणूनच जाते. ओपीसी यूए या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संदेशवहन-पद्धतीत स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्येच असते. म्हणजे पाहुणा दारात उभा आहे. घरात त्याला मावेल अशी जागा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

चौथी आवृत्ती आणि वर्गातील प्रश्न

२०२५ मध्ये मानकाची चौथी आवृत्ती आली. तिने इन्स्ट्रक्शन लिस्ट ही जुनी भाषा वगळली आणि यूटीएफ-८ मजकुरासाठी स्वतंत्र विदाप्रकार व फंक्शने समाविष्ट केली. हे स्वागतार्ह आहे, आणि उशिरा झालेले आहे. तथापि बाइटऐवजी चिन्ह मोजू लागल्याने ‘विद्यार्थी’ची लांबी तीसवरून दहावर येते, तीनवर येत नाही. मराठी अक्षर न तोडता मजकूर आखूड करावयाचा असेल तर छाटणीच्या जागेपासून मागे सरकत, पुढचे चिन्ह मात्रा, अनुस्वार वा हलन्त नाही आणि मागचे चिन्ह हलन्त नाही याची खात्री करून घ्यावी लागते. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये हे फंक्शन वीसपंचवीस ओळींत लिहून होते. पदविकेच्या विद्यार्थ्याला ते प्रकल्प म्हणून देता येईल, आणि त्यासाठी त्याला मराठीच्या अध्यापकाकडे जाऊन जोडाक्षर म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल.

जुने नियंत्रक मात्र कारखान्यांत पंधरा-वीस वर्षे टिकतात आणि आमच्या प्रयोगशाळांतही तेच आहेत. तेथे नवी आवृत्ती पोहोचेपर्यंत छाटणीवर आपणच पहारा ठेवला पाहिजे. मी प्रात्यक्षिकात असा नियम ठेवतो की कॉनकॅट थेट वापरावयाचे नाही. दोन्ही मजकुरांच्या लांबीची बेरीज आणि लक्ष्य-चलाची क्षमता आधी तपासणारे एक आवरण-फंक्शन लिहावयाचे, आणि सर्व जोडण्या त्यातूनच करावयाच्या. कोडेसिसमध्ये क्षमता साइझऑफने कळते. तीतून शेवटच्या शून्य बाइटासाठी एक वजा करण्यास विद्यार्थी पहिल्या खेपेस बहुधा विसरतात. बेरीज मोठी निघाली तर जोडणी करावयाची नाही आणि एक त्रुटी-बिट सत्य करावयाचा.

या वेळी लक्ष्य-चलात काय ठेवावे यावर दर वर्षी वाद होतो. आधीचा मजकूर तसाच ठेवावा असे काहींचे म्हणणे असते, कारण पडदा रिकामा दिसणे त्यांना अपयशाचे वाटते. मला ते पटत नाही. आधीचा मजकूर आधीच्या घाणीचा असतो, आणि तो तसाच राहिला तर नव्या घाणीच्या नावावर जुने वजन नोंदले जाईल. चल रिकामे करावे, बिट सत्य करावा, आणि तो बिट पडद्यावरील सूचनांच्या यादीत क्रमांक देऊन जोडावा.